देवळालीचे कापरेकर मास्तर

गोदावरी नदी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावते. नाशिकचे घाट मागे टाकून ती मराठवाड्यात उतरते आणि पैठणवरून वाहत वाहत नांदेडला येते. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा नदीही अखेर तिलाच मिळते. नांदेड-लातूरकडील मुलांना ही नदी आपली वाटते. मग तिच्या उगमाकडचा मुलूख तरी त्यांना परका का वाटावा? त्या मुलखात, नाशिकपासून अगदी जवळ, देवळाली नावाचे गाव आहे. त्या गावातील शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ एका शिक्षकांनी मुलांना गणित शिकविले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी एक संख्या आज जगातील अनेक देशांत गणिताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ते शिक्षक म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांच्या शोधांना प्रयोगशाळा लागली नाही. मोठी यंत्रे लागली नाहीत. बेरीज, वजाबाकी व गुणाकार एवढीच त्यांची हत्यारे. ती तर शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलापाशी असतात. मात्र त्या हत्यारांच्या जोडीला कापरेकरांपाशी आणखी एक गोष्ट होती. एखादी संख्या पाहिली की तिला प्रश्न विचारल्यावाचून त्यांना राहवत नसे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी समुद्रकाठच्या डहाणू या गावी झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. त्यानंतर वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. वडील पेशाने कारकून होते. पण त्यांना फलज्योतिषाचा मोठा नाद होता. फलज्योतिषात खोल गणित नसते, तथापि आकडेमोड मात्र पुष्कळ असते. वडिलांच्या सहवासात या आईवेगळ्या मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. पुढे ग्रहांचे भविष्य बाजूला राहिले आणि आकड्यांचा लळा तेवढा जन्मभर टिकला.

माध्यमिक शिक्षणासाठी कापरेकर ठाण्याच्या शाळेत गेले. तेथे गणितातील कोडी सोडविण्यात त्यांचे तासन्‌तास आनंदात जात. पुस्तकातील उदाहरण सुटले आणि उत्तर बरोबर आले, की बहुतेक विद्यार्थी वही मिटतात. कापरेकरांचे तसे नव्हते. उत्तर आल्यावर त्यांचे खरे काम सुरू होई. हे उत्तर असेच का आले? याच जातीच्या दुसऱ्या संख्येलाही असेच घडेल काय? नेहमीच घडेल, की कधीतरी चुकेल? अशा प्रश्नांच्या मागे लागण्याची त्यांची वृत्ती होती आणि त्या वृत्तीनेच त्यांना मोठे केले.

१९२३ साली कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी १९२७ साली मिळविले. पुढे १९२९ साली ते विज्ञान शाखेचे पदवीधर झाले. याहून वरची पदवी त्यांनी घेतली नाही.

याच काळातील त्यांच्या एका छंदाचे नाव मोठे गमतीचे आहे. मुंबईजवळचे डोंबिवली हे स्थानक त्या वेळी डेम्लो या नावानेही ओळखले जाई. त्या स्थानकावर असताना काही विशिष्ट संख्यांचा अभ्यास करावा, असे कापरेकरांच्या मनात आले. म्हणून त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले. डेम्लो संख्यांपैकी सर्वांत सुंदर संख्या कशा तयार होतात, ते पाहण्यासारखे आहे. ११ ला ११ ने गुणले की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणले की १२३२१ येतात. ११११ ला ११११ ने गुणले की १२३४३२१ येतात. जणू अंक एकेक पायरी चढत शिखरावर जातात आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरतात. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ हा भव्य जिना उभा राहतो. आता पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर काय होईल? जिना तसाच राहील की मोडेल? ज्याला उत्तर हवे असेल त्याने कागद घेऊन गुणाकार करावा. कापरेकरांची रीत नेमकी हीच होती.

पदवी मिळाल्यानंतर कापरेकरांनी देवळालीच्या शाळेत गणित-शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. मोठ्या विद्यापीठातील ग्रंथालय व विद्वानांचा सहवास त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांना लाभला तो शाळेतील मुलांचा सहवास. तथापि त्याबद्दल कुढत न बसता त्यांनी आपले संख्याप्रेम वर्गात नेले. स्वतःला वाटणारी ओढ मुलांनाही वाटावी, यासाठी ते संख्यांच्या गमतींचा उपयोग करीत. त्यांच्या या आगळ्या पद्धतीची कीर्ती इतकी पसरली, की आसपासच्या महाविद्यालयांतूनही त्यांना व्याख्यानांची निमंत्रणे येत.

ही पद्धत समजून घ्यायची तर कापरेकरांचे गणित कोणत्या प्रकारचे होते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. नदीचे पाणी अखंड वाहते. त्याचे कितीही लहान भाग कल्पिता येतात. वेळ आणि अंतर यांचेही तसेच आहे. उलट, चिंचोके, जिन्याच्या पायऱ्या, वर्गातील मुले या वस्तू सुट्या सुट्या असतात. त्या एक, दोन, तीन अशा मोजता येतात. एक आणि दोन यांच्यामध्ये तिसरे मूल नसते. अशा सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींच्या गणिताला विविक्त गणित म्हणतात. पूर्ण संख्या आणि त्या लिहिण्यासाठी वापरलेले अंक ही त्या गणिताची जुनी क्रीडाभूमी आहे. येथे शिरण्यासाठी फार मोठी पूर्वतयारी लागत नाही. मात्र आत शिरल्यावर थोरामोठ्यांनाही वाट चुकविणारे प्रश्न भेटतात.

कापरेकरांनी शोधलेल्या संख्यांपैकी काहींची ओळख करून घेऊ. एखाद्या संख्येच्या अंकांची बेरीज करावी आणि त्या बेरजेने मूळ संख्येला भागावे. भागाकार निःशेष झाला तर मनाला हर्ष होतो. म्हणून अशा संख्येला कापरेकरांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. १८ ही हर्षद संख्या आहे, कारण १ आणि ८ मिळून ९ होतात व ९ ने १८ ला भाग जातो. थोर गणिती रामानुजन यांच्या आठवणीशी जोडली गेलेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९.

दुसरा प्रकार स्वयंभू संख्यांचा. कोणतीही एक संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ घेतले तर २३ अधिक २ अधिक ३ म्हणजे २८. येथे २३ ही २८ ची जनक संख्या झाली. २८ पासून त्याच रीतीने ३८ आणि ३८ पासून ४९ मिळतात. अशी ही वंशावळ कधीच संपत नाही. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही संख्या ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही मिळते. आता कापरेकरांचा प्रश्न पाहा. जिला एकही जनक नाही, अशी संख्या असते काय? २० चा जनक शोधून पाहिला तर तो सापडत नाही. ३१ चाही सापडत नाही आणि ४२ चाही सापडत नाही. अशा संख्या कोणाच्याही पोटी जन्मलेल्या नसल्यामुळे कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटले. देवळांच्या संदर्भात मराठी माणसाच्या रोजच्या परिचयाचा हा शब्द गणितात किती चपखल बसला आहे!

तिसऱ्या प्रकारच्या संख्यांना कापरेकरांचेच नाव मिळाले आहे. ४५ चा वर्ग २०२५ होतो. या वर्गाचे दोन तुकडे केले तर २० व २५ मिळतात आणि त्यांची बेरीज पुन्हा ४५ येते. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे तुकडे करून बेरीज केली तर पुन्हा २९७. घर सोडून गेलेला मुलगा फिरून घरीच यावा, तशी ही संख्या परत येते.

पण ज्या शोधाने कापरेकरांचे नाव अमर झाले तो शोध ६१७४ या संख्येचा. हा शोध समजण्यासाठी आपण आपल्या परिसरातील काही सनांचा उपयोग करू. १९४८ हा सन मराठवाड्यातील प्रत्येक मुलाला पाठ असतो. त्या वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानातील जनता निजामी राजवटीतून मुक्त झाली. या सनाचे चार अंक उतरत्या क्रमाने मांडू. ९८४१ ही संख्या मिळेल. तेच अंक चढत्या क्रमाने मांडले तर १४८९ मिळतील. मोठीतून लहान वजा करू.

९८४१ − १४८९ = ८३५२

आलेल्या उत्तराच्या अंकांवर पुन्हा हीच क्रिया करू.

८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर तीच क्रिया केली तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४ येतात. यापुढे कितीही वेळा क्रिया केली, तरी ही संख्या जागची हलत नाही.

हा केवळ १९४८ चा योगायोग असेल काय? लातूर जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला. ९८२१ वजा १२८९ म्हणजे ८५३२ आणि त्यापुढे ६१७४. गुरू गोविंदसिंगांचे नांदेड येथे १७०८ साली देहावसान झाले. या सनात शून्य आहे. ते गाळायचे नाही. ८७१० वजा ०१७८ म्हणजे ८५३२ आणि पुन्हा ६१७४. तिन्ही सन दोनच पायऱ्यांत मुक्कामाला पोहोचले. नांदेडचे विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. तो सन घेतला तर मात्र वाट लांबची निघते. ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. त्यापुढे क्रमाने ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ अशा संख्या येतात आणि मनात शंका उभी राहते, की ही संख्या ठरलेल्या ठिकाणी जाणार की नाही. पण सातव्या वजाबाकीला ६१७४ हजर होतात.

१११११ किंवा १११ यांचा येथे संबंध नाही. हा खेळ चार अंकांचा आहे. त्यात ज्या संख्येचे चारही अंक सारखेच आहेत, जसे ११११ किंवा ५५५५, ती तेवढी वगळायची, कारण तिची वजाबाकी शून्य येते. बाकी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. ती जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला येऊन मिळते. अनेक ओढे आणि नद्या निरनिराळ्या वाटांनी येऊन एकाच गोदावरीला मिळाव्यात, तसा हा प्रकार आहे. म्हणून ६१७४ या संख्येला कापरेकर स्थिरांक असे म्हणतात.

चार उदाहरणे जमली की नियम सिद्ध झाला, असे गणितात मानत नाहीत. पाचवे उदाहरण चुकणार नाही कशावरून? शंभर जमली तरी एकशे एकाव्याची शंका उरतेच. शून्यापासून सुरू होणाऱ्या संख्याही धरल्या, तर चार अंकांच्या एकूण १०,००० मांडण्या होतात. त्यांतील चारही अंक सारखे असलेल्या १० मांडण्या काढल्या म्हणजे ९,९९० उरतात. एवढ्या सर्व संख्यांवर एकेक करून क्रिया करायची म्हटली, तर वह्यांचे ढीग पडतील. येथे घाईपेक्षा विचार कामाला येतो.

चार अंक उतरत्या क्रमाने मांडल्यावर पहिला अंक सर्वांत मोठा व शेवटचा सर्वांत लहान असतो. या दोहोंतील फरक घ्यावा व त्याला ९९९ ने गुणावे. मग मधल्या दोन अंकांतील फरक घ्यावा व त्याला ९० ने गुणावे. दोन्ही गुणाकारांची बेरीज म्हणजेच आपली वजाबाकी होय. १९९४ या सनाचे अंक ९, ९, ४, १ असे मांडले तर बाहेरच्या अंकांतील फरक ८ आणि आतल्या अंकांतील फरक ५ आहे. ८ गुणिले ९९९ म्हणजे ७९९२ आणि ५ गुणिले ९० म्हणजे ४५०. त्यांची बेरीज ८४४२. आपण आधी वजाबाकी करून काढलेले उत्तर हेच होते.

म्हणजे वजाबाकीचे उत्तर चारही अंकांवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. बाहेरचा फरक १ पासून ९ पर्यंत असू शकतो आणि आतला फरक बाहेरच्या फरकापेक्षा मोठा असू शकत नाही. बाहेरचा फरक १ असेल तर आतला ० किंवा १, असे दोन प्रकार होतात; बाहेरचा २ असेल तर तीन प्रकार; असे वाढत वाढत ९ ला दहा प्रकार होतात. २ पासून १० पर्यंतच्या संख्यांची बेरीज केली की ५४ येतात. ९,९९० संख्यांची ती प्रचंड गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांवर येऊन ठेपली! तेवढ्या संख्या तर वर्गातील मुले आपसांत वाटून घेऊन एका तासात तपासू शकतात. त्या सर्व ६१७४ ला पोहोचतात असे दिसले, की शंकेला जागा उरत नाही. मघाशी जे केवळ दिसले होते ते आता पटले, असे म्हणता येते. दिसणे आणि पटणे यांतील हे अंतर ओलांडणे म्हणजेच गणित शिकणे होय.

कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत जाहीर केला. पुढे तो परदेशी नियतकालिकातही प्रसिद्ध झाला. परंतु त्या काळी आपल्या देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाची थट्टाच केली. हे गणित नव्हे, हा तर पोरखेळ आहे, असे त्यांना वाटे. अशा शोधांवर एक आक्षेपही घेतला जातो. आपण दहा अंकांच्या साह्याने संख्या लिहितो. ती लिहिण्याची रीत बदलली, तर हे चमत्कारही बदलतात. तेव्हा हे गुण संख्येचे नसून लेखनाच्या रीतीचे आहेत, असे म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचबरोबर हेही खरे, की एखादी क्रिया पुन्हापुन्हा केल्यावर ती अखेर कोठे स्थिरावते, हा प्रश्न गणिताच्या अनेक शाखांत महत्त्वाचा आहे आणि तो ६१७४ इतक्या सोप्या रूपात मुलांपुढे क्वचितच येतो.

थट्टेने खचून जाणारा माणूस असता तर त्याने आपल्या वह्या गुंडाळून ठेवल्या असत्या. कापरेकरांनी तसे केले नाही. मोठ्या नियतकालिकांची दारे सहजी उघडत नसत, तेव्हा त्यांनी लहान नियतकालिकांत लिहिले. तेही न जमल्यास स्वतःच पुस्तिका छापल्या. शाळामास्तराचा पगार तो केवढा! पण त्यातून खर्च करून त्यांनी आपले शोध कागदावर उतरविले आणि त्या पुस्तिकांवर देवळालीचे नाव घातले. आपल्या कामाला कोणी मोठे म्हणावे, यासाठी ते थांबून राहिले नाहीत. संख्यांचा विचार हाच त्यांचा विसावा होता आणि ज्याला कामातच आनंद मिळतो, त्याला शाबासकी उशिरा मिळाली तरी चालते.

१९६२ साली ते सेवानिवृत्त झाले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते, त्यात भागेना. म्हणून ज्या वयात माणसाने विश्रांती घ्यावी त्या वयात ते गणित व विज्ञान या विषयांच्या शिकवण्या करीत. हे दिवस कष्टाचे होते. परंतु त्यांचा व्यासंग खंडित झाला नाही.

आणि मग १९७५ साल उजाडले. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे एक लेखक होते. सायंटिफिक अमेरिकन या मासिकात ते गणिती कोड्यांवर सदर लिहीत आणि जगभरचे वाचक ते आवडीने वाचत. त्या सदरात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांविषयी लिहिले. देवळालीच्या एका निवृत्त शिक्षकाचे नाव एकाएकी देशोदेशीच्या गणितप्रेमींच्या तोंडी झाले. कापरेकर त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. ज्या कामाला पूर्वी पोरखेळ म्हणून हिणविले गेले होते, त्यावर पुढे विद्वानांनी लेख लिहिले आणि त्यातून नवे प्रश्न काढले.

१९८६ साली देवळाली येथे कापरेकरांचे देहावसान झाले. त्यांनी मागे धनदौलत ठेवली नाही. ठेवले ते प्रश्न. चार अंकांऐवजी तीन अंकी संख्या घेतली तर काय होईल? हे करून पाहणाऱ्याला तेथेही एक स्थिर संख्या भेटते आणि ती ४९५ असते. मग दोन अंकी संख्येचे काय? तेथे मात्र एक नवलच दिसते. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि फिरून ०९ अशी ती संख्या रहाटगाडग्यासारखी फिरत राहते. कोठेच थांबत नाही. तीन अंकांना जे जमते, चार अंकांना जे जमते, ते दोन अंकांना का जमू नये? आणि पाच अंकांचे काय होत असेल? हे प्रश्न सोडवायला देवळालीला जावे लागत नाही. ते नांदेडच्या वर्गात बसून सोडविता येतात, लातूरच्या एखाद्या खेड्यातील शाळेच्या ओसरीवरही सोडविता येतात. पाटी असली तरी पुरे.

मोठे शोध मोठ्या शहरांत, मोठ्या पदव्या मिळविलेल्या माणसांनाच लागतात, असा पुष्कळांचा समज असतो. कापरेकरांचे चरित्र तो समज दूर करते. आईवेगळे लहानपण, लहान गावातील नोकरी, विद्वानांची थट्टा व म्हातारपणीची ओढाताण यांपैकी कशानेही त्यांची जिज्ञासा मंदावली नाही. हे असे का, हा एक प्रश्न त्यांनी जन्मभर जपला आणि शेकडो मुलांच्या हाती सोपविला.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली झाला व मृत्यू १९८६ साली. हे दोन्ही सन घेऊन ती वजाबाकी एकदा करून पाहावी. पहिला सन सात पायऱ्यांनी आणि दुसरा सहा पायऱ्यांनी जेथे पोहोचतो, ती संख्या कोणती हे आता सांगावयास नको.